सोवळ्यातला ब्राउझर

पुणेकर माणूस वस्तू निवडतो म्हणजे नेमकं काय करतो, हे पाहायचं असेल तर तपकीर गल्लीत जावं. मिक्सरची वायर घ्यायला आलेला गृहस्थ पाच दुकानं हिंडतो, वायर वाकवून बघतो, चष्मा कपाळावर सरकवून आयएसआयचा शिक्का वाचतो, ‘गॅरंटी काय?’ असं विचारतो आणि ‘वायरला कसली आलीय गॅरंटी’ हे उत्तर मिळालं की अपेक्षेप्रमाणेच घडल्याच्या समाधानात पुढच्या दुकानाची पायरी चढतो. हाच गृहस्थ घरी येऊन ज्या प्रोग्रॅममधून पेन्शन बघतो, मुदत ठेव मोडतो, महापालिकेचा मिळकतकर सवलतीच्या शेवटच्या दिवशी भरतो, तो प्रोग्रॅम मात्र त्याने कधी निवडलेलाच नसतो. संगणकाबरोबर आला आणि राहिला.

त्याचं नाव विचारलं तर ‘गुगल’ असं उत्तर येतं. यात पुण्याने कमीपणा वाटून घ्यायचं कारण नाही. २००९ साली खुद्द गुगलच्या माणसांनी न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्यांना ‘ब्राउझर म्हणजे काय?’ असं विचारलं होतं. आठ टक्के लोकांनासुद्धा नीट सांगता आलं नाही.

प्रस्तुत लेखक कोथरूडच्या ज्या सोसायटीत राहतो, तिथे त्याच्यावर ‘याला कॉम्प्युटरमधलं कळतं’ असा शिक्का बसलेला आहे. असा शिक्का एकदा बसला की प्रिंटरमध्ये अडकलेल्या कागदापासून जावयाच्या हरवलेल्या फोटोपर्यंत सगळं त्याच्या दारात येतं. तळमजल्यावरचे काका तसेच आले. काका डिफेन्स अकाउंट्समधून निवृत्त झालेले. उभी हयात दुसऱ्यांच्या बिलांवर आक्षेप घेण्यात गेलेली. ‘मला एकच सांग,’ ते म्हणाले, ‘सगळ्यात सेफ ब्राउझर कुठला? नाव सांग, फाटे फोडू नकोस.’ एवढं बोलून त्यांनी फूलस्केप कागदावर आखलेला तुलनात्मक तक्ता टेबलावर पसरला. रकाने होते: नाव, देश, किंमत, शेरा.

किमतीच्या रकान्यात सगळीकडे ‘निःशुल्क’ लिहिलेलं होतं, आणि काकांचा पहिला आक्षेप तिथेच होता. ‘फुकट देतात म्हणजे वसूल कुठून करतात?’

प्रश्न इतका रास्त होता की प्रस्तुत लेखकाने चहा ठेवला. क्रोम गुगलचा, आणि गुगलचा संसार जाहिरातींवर चालतो. सफारी ॲपलचा. त्यात शोध घेताना आपोआप गुगलच उघडावं, यासाठी गुगलने एकट्या २०२२ साली ॲपलला सुमारे २० अब्ज डॉलर दिल्याचं अमेरिकेतल्या खटल्याच्या कागदपत्रांतून बाहेर आलं. फायरफॉक्स मोझिला नावाच्या ना-नफा संस्थेचा, पण त्यांच्याही उत्पन्नातला मोठा वाटा गुगलच देतं. काकांनी शेऱ्याच्या रकान्यात तिन्ही नावांपुढे ‘सदर’ लिहिलं.

मग देशाचा रकाना. इथे काकांचा सूर चढला. स्वदेशी हा शब्द या शहरात हळू आवाजात उच्चारताच येत नाही. १९०५ साली विदेशी कपड्यांची होळी याच गावात झाली. केंद्र सरकारने २०२३ साली भारतीय ब्राउझर तयार करण्याची स्पर्धा जाहीर केली, मार्च २०२५ मध्ये निकाल लागला आणि झोहो कंपनीला एक कोटीचं पहिलं बक्षीस मिळालं. त्यांच्या ब्राउझरचं नाव उला. काकांनी उलाचं नाव तक्त्यात तांबड्या शाईने सर्वांत वर लिहिलं. आतलं इंजिन मात्र क्रोमियम, म्हणजे गुगलने खुलं करून ठेवलेलं, हे सांगितल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. एजमध्येही २०२० पासून तेच, ब्रेव्हमध्ये तेच, ऑपेरातही तेच. ‘एज बरा की क्रोम’ यावर भावाभावांत अबोला धरणाऱ्यांनी हे एकदा लक्षात घ्यावं. वेगळं इंजिन हवं असेल तर फायरफॉक्स आणि सफारी एवढेच दोन ओळखीचे पर्याय उरतात. होळी करायची झालीच तर ती सरकारने २९ जून २०२० रोजी करून टाकली. बंदी घातलेल्या ५९ चिनी ॲपांमध्ये यूसी ब्राउझर होता, आणि तो तोवर या देशातल्या असंख्य फोनांवर सुखाने नांदत होता.

जुना निळा ‘ई’ही आता नाही. मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्स्प्लोररचा आधार १५ जून २०२२ रोजी काढून घेतला, तेव्हा दक्षिण कोरियातल्या एका इंजिनिअरने पदरच्या पैशांनी त्याचं थडगं घडवून घेतलं आणि ग्योंगजूमधल्या एका कॅफेच्या गच्चीवर बसवलं. दुसरे ब्राउझर उतरवून घ्यायला हा फार उपयोगी होता, अशा अर्थाचा मजकूर त्यावर कोरलेला आहे.

पण काकांचा खरा जीव शेऱ्याच्या रकान्यात होता. ‘मी कुलूप बघतो,’ ते म्हणाले. ‘पत्त्याशेजारी कुलूप असेल तरच पासवर्ड टाकतो.’ बिचाऱ्यांना हे त्यांच्याच बँकेतल्या कुणीतरी शिकवलेलं होतं. कुलपाचा अर्थ एवढाच, की तुमच्यात आणि त्या संकेतस्थळात जे बोलणं चाललंय ते वाटेत कुणाला ऐकू येत नाही. पलीकडे बसलेला सज्जन आहे, असं कुलूप कुठेच म्हणत नाही. २०१५ पासून अशा कुलपाचं प्रमाणपत्र फुकट मिळू लागलं आणि भामटेही कुलूप लावूनच दुकान मांडू लागले. गुगलने २०२१ साली पाहणी केली, तेव्हा कुलपाचा नेमका अर्थ फक्त अकरा टक्के लोकांना सांगता आला. शेवटी सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोमने ते चित्रच काढून टाकलं.

‘प्रमाणपत्र देतो कोण?’ काकांमधला हिशेब तपासनीस जागा झाला.

जगभरात अशी प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्था आहेत, आणि त्यांतल्या कुणाची सही ग्राह्य धरायची याची यादी ब्राउझर आणि विंडोजसारख्या प्रणाली बाळगून असतात. ब्राउझर निवडणं म्हणजे बऱ्याच अंशी ही यादी निवडणं. ‘आणि सक्षम अधिकाऱ्याचीच सही गैर असेल तर?’ हा त्यांचा पुढचा प्रश्न, आणि तसं खरोखर घडलेलं आहे. जुलै २०१४ मध्ये आपल्याच राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणपत्र यंत्रणेतून गुगल आणि याहूच्या नावाची अनधिकृत प्रमाणपत्रं बाहेर पडल्याचं उघड झालं. मायक्रोसॉफ्टच्या यादीत भारताच्या मूळ प्रमाणपत्राला मान होता, आणि विंडोजवर इंटरनेट एक्स्प्लोरर आणि क्रोम दोघेही त्याच यादीवर विसंबलेले. फायरफॉक्स स्वतःची वेगळी यादी ठेवतो, आणि तीत आपलं नाव नव्हतंच. त्याला या प्रकाराची झळ लागली नाही. सरकारी नियंत्रकाने ती प्रमाणपत्रं रद्द केली, गुगल आणि मायक्रोसॉफ्टनेही दारं लावून घेतली. २०२३ च्या स्पर्धेत भारताचं मूळ प्रमाणपत्र ब्राउझरमध्ये असलंच पाहिजे अशी अट होती, ती या पार्श्वभूमीवर वाचली की जास्त समजते.

काका गप्प झाले. ऑडिटच्या माणसाला जुना घोळ सापडला की जो एक निर्मळ आनंद होतो, तो त्यांच्या चेहऱ्यावर पसरला होता.

त्यांच्या उपयोगाची गोष्ट त्याहून सोपी होती. पत्ता वाचावा. सगळा नाही, सुरुवातीचं ‘https://’ सोडून येणाऱ्या पहिल्या तिरक्या रेघेच्या आधीचे शेवटचे दोन-तीन तुकडे तेवढे बघावेत, खरा मालक तिथे असतो. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर यायला सांगितलं, ते ग्राहकाला एवढी एकच खूण लक्षात ठेवता यावी म्हणून. पण ‘बँक डॉट इन’ हे शब्द त्या रेघेच्या लगेच आधी हवेत. मध्येच कुठेतरी घुसवलेले असतील तर मालक दुसराच. ‘आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल’ असा मेसेज आल्यावर ज्या पुणेकराने एरवी महावितरणला चार ओळींचं खरमरीत पत्र लिहिलं असतं, तोच घाबरून लिंक दाबतो. पत्त्याच्या बाबतीत आपला संशयी स्वभाव नेमका रजेवर जातो.

काकू संगणकावर बसल्या की वेगळाच प्रकार चालू व्हायचा. उजव्या कोपऱ्यात दर पाच मिनिटांनी ‘तुमच्या संगणकात व्हायरस सापडले’ अशी पाटी सरकत यायची, आणि काकू तिला ‘नको गं बाई’ म्हणून बंद करायच्या. व्हायरस नव्हता. कधीतरी उकडीच्या मोदकांची कृती शोधताना ‘तुम्ही रोबो नाही हे दाखवायला अलाऊ दाबा’ असं कुणीतरी म्हणालं होतं आणि काकूंनी सौजन्याने दाबलं होतं. सेटिंग्जमध्ये जाऊन नोटिफिकेशनच्या परवानग्या काढून घेतल्या की हे थांबतं. घरी पुण्यातल्याच काटकर बंधूंचं क्विक हील होतं (कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानातून उभी राहिलेली ती कंपनी या शहराचा अभिमान आहे). पण परवानगी आपणच दिलेली असेल, ओटीपी आपणच टाइप केला असेल, तर अँटिव्हायरसने तरी कुणाला अडवायचं?

काकांच्या ब्राउझरच्या कोपऱ्यात लाल ठिपका होता. त्यांना वाटायचं, आत काहीतरी रेकॉर्ड होतंय, म्हणून त्यांनी तिथे कधी हात लावला नाही. क्रोमची सुधारणा येऊन पडली की तो ठिपका आधी हिरवा, चारेक दिवसांनी नारिंगी आणि आठवडा उलटला की लाल होतो. सर्ट-इन ही सरकारी संस्था क्रोम, फायरफॉक्समधल्या त्रुटींबद्दल वारंवार सूचना काढते, आणि जवळपास प्रत्येक सूचनेतला उपाय तोच असतो: ब्राउझर अद्ययावत करा. ठिपक्यावर टिचकी मारली, ब्राउझर मिटून पुन्हा उघडला, काम झालं. ‘एवढंच?’ काका म्हणाले. त्यांच्या आवाजात निराशा होती.

आता नाव सांगायची वेळ आली. प्रस्तुत लेखकाचं मत असं, की एक ब्राउझर निवडण्याच्या भानगडीत पडूच नये, दोन ठेवावेत. आजीच्या स्वयंपाकघरातली सोवळ्याची भांडी वेगळी असत, त्यांना कुणी शिवायचं नाही. माणसांच्या बाबतीतलं ते सोवळं गेलं ते बरंच झालं. संगणकावर मात्र ते जरूर आणावं. एक ब्राउझर सोवळ्यातला: त्यात बँक, आयकर, पेन्शन, बास. पत्ते आधीच जपून ठेवलेले, लिंकवरून यायचं नाही. एक्स्टेन्शन एकही नाही, कारण ‘सगळ्या संकेतस्थळांवरची तुमची माहिती वाचू आणि बदलू’ अशी परवानगी मागून आत शिरणारं कूपनवालं एक्स्टेन्शन बँकेचं पानही वाचू शकतं. या कामाला एज, क्रोम, सफारी, जो संगणकाबरोबर आला तो चालेल. दुसरा ओवळ्यातला: पाककृती, क्रिकेट, नाटकाची तिकिटं, भाच्याने पाठवलेलं सगळं. इथे फायरफॉक्स घ्यावा. तो मराठीत मिळतो, आणि युब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन त्यात पूर्ण ताकदीने चालतं; क्रोमने नियम बदलल्यापासून तिथे त्याची पातळ आवृत्तीच उरली आहे. जाहिराती अडवणं ही नुसती चैन नव्हे. शोधाच्या निकालात सर्वांत वर खोट्या कंपन्या जाहिरात देऊन बसतात म्हणून अमेरिकेच्या एफबीआयनेच डिसेंबर २०२२ मध्ये लोकांना असं काहीतरी वापरायचा सल्ला दिला होता.

भाच्याचं म्हणणं, इन्कॉग्निटो वापरा, कुणाला काही कळत नाही. फक्त घरच्यांना कळत नाही. त्याच गैरसमजावरून अमेरिकेत खटला झाला आणि २०२४ साली गुगलने जमवलेल्या अब्जावधी नोंदी नष्ट करायचं कबूल केलं.

‘हे सगळं ठीक,’ काकांनी शेवटचा आक्षेप काढला, ‘पण ऑगस्ट २०१८ मध्ये आपल्या कॉसमॉस बँकेतून दोन दिवसांत चौऱ्याण्णव कोटी गेले, तेव्हा कुणाचा ब्राउझर उघडा होता?’ कुणाचाच नाही. तो हल्ला बँकेच्या एटीएम आणि स्विफ्टच्या यंत्रणेवर होता, आणि खातेदारांच्या खात्यांना धक्का लागला नसल्याचं बँकेने तेव्हाच सांगितलं होतं. आणि कधी आपल्याच खात्यातून पैसे गेले, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक ना तुमची ना बँकेची असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर तुमची जबाबदारी शून्य. तुमच्या निष्काळजीपणाने गेले असतील, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. म्हणून १९३० हा सायबर हेल्पलाइनचा क्रमांक काकांनी तक्त्याच्या समासात लिहून घेतला आणि त्याखाली रेघ मारली.

दोन ब्राउझरची योजना त्यांना पटली. ‘हिला शिकवायला मात्र महिना जाईल,’ असं म्हणत त्यांनी काकूंना हाक मारली.

काकू पदराला हात पुसत आल्या, तक्त्याकडे एक नजर टाकली आणि म्हणाल्या, ‘मी तर कधीपासून दोन वापरते. तुमच्या क्रोममध्ये पेन्शन आणि बँक. माझं सगळं त्या कोल्ह्याच्या चित्रात.’

प्रस्तुत लेखक थक्क झाला. सुरक्षेचा इतका पुढचा विचार?

‘सुरक्षा कसली,’ काकू म्हणाल्या, ‘हे पेन्शनसाठी पी टाइप करायला गेले की खाली आधी पैठणी यायची.’

काकांनी पेनाला टोपण लावलं. ‘कसली पैठणी?’ त्यांनी विचारलं.