पेज बिघडेल इतका पाऊस

आमच्या पाळकसाहेबांचा आवडता विषय एकच: आपण या जगात प्रवासी आहोत. संदेश रंगतो, लोक माना डोलावतात, आणि भक्ती संपल्यावर कमिटी बसते ती गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची वर्गणी ठरवायला. प्रवाशांनाही गळका स्लॅब चालत नाही.

माणसाचा हा स्वभाव लेवीय 23 ला ठाऊक असावा. तिथं नुसता संदेश नाही, कामच लावून दिलंय. पीक घरात आलं की 7 दिवस मांडवात राहा. मिसरातून निघालेले तुमचे पूर्वज असेच राहिले होते. पुढं मिश्ना या ज्यू नियमग्रंथातल्या रब्बींनी तर अख्खा नकाशाच पास करून ठेवला. छप्पर तोडलेल्या फांद्यांचं हवं, झाडाखाली मांडव घालायचा नाही, उंची 20 हातांच्या वर नको, उन्हापेक्षा सावली जास्त हवी. गाडीवरचा मांडव चालतो, जहाजावरचाही. आणि पाऊस आला तर? पेज बिघडेल इतका आला, की खुशाल घरात जा. या कलमावर माझा फार जीव. इतकं व्यवहारी कलम आमच्या कमिटीलाही सुचलं नसतं.

आपल्या बेने इस्राएल ज्यूंचाही हा मांडवांचा सण. पुण्यात रास्ता पेठेतल्या त्यांच्या सिनेगॉगचं नावच सुक्कथ शेलोमो; सुक्कथ म्हणजे मांडव. 2025 साली 6 ऑक्टोबरच्या संध्याकाळी सण लागला आणि त्याच रात्री आपली कोजागिरी. ते मांडवात, आपण गच्चीवर मसाला दुधाच्या पातेल्याभोवती. सणाच्या शेवटी ते पाऊस मागतात. परभणीत तेव्हा सोयाबीनची गंजी ताडपत्रीखाली असते आणि आम्ही पाऊस नको म्हणून गुडघे टेकतो. वरच्याची पंचाईतच.

पेत्राचंही बघा. डोंगरावर प्रभूचं तेज दिसलं, तर हा म्हणतो, इथंच तीन मांडव घालू! जरा बरं वाटलं की माणसाला प्लॉट पाडावासा वाटतो. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ म्हणत बदलून येणारे साहेबलोक खोकी न सोडता दिवस काढतात. त्यांतलेच काही निवृत्तीनंतर वसमत रोडला बंगला बांधून बसलेले दिसतात.

गंगाखेड-सोनपेठकडची माणसं मात्र दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात. कारखान्याच्या हद्दीत कोपी पडते: वाकवलेले बांबू, वर पाचट, त्यावर प्लॅस्टिकचा कागद. आत तीन दगडांची चूल, आडव्या बांबूला पोराची झोळी. कागद रब्बींना चालणार नाही. बाकी सगळं मापात. फक्त मुक्काम 7 दिवसांचा नाही, चार-पाच महिन्यांचा. आणि अवकाळी आला, पेजच काय, भाकरीचं पीठ भिजलं, तरी घर लांब, म्हातारीच्या हवाली. उचल फिटेपर्यंत मुकादम सोडत नाही, आणि त्याच्या वहीत पेजेचं कलम नाही.