झुरळांची बाळंतपणं

ऐकलंत का? अमेरिकेत लोक पैसे मोजून झुरळं मागवतात. जिवंत! खोक्यात भरून, कुरिअरने, थेट दारात. त्यात आपलीही मंडळी आहेत म्हणे. ज्यांच्या आजीने मोरीत एक मिशी हलली तरी चप्पल उचलली, त्यांचे नातू आता झुरळांना रताळं किसून घालतात. शिव शिव!

निमित्त पाळलेल्या पालीचं. लेपर्ड गेको, बियर्डेड ड्रॅगन अशी भारदस्त नावं असली तरी आपण ओळखायचं ते ओळखतोच. तर या बाईसाहेबांना समोर काहीतरी वळवळल्याशिवाय जेवण जात नाही. पूर्वी सगळे रातकिडे आणत. पण ते रात्रभर किरकिरतात, पाण्याच्या वाटीत बुडून मरतात आणि खाऊन उरले तर पालीलाच चावे घेतात. ताटातल्याने जेवणाऱ्याला चावायचं, काय काळ आलाय! त्यातच २०१०च्या सुमारास एका विषाणूने अमेरिकेतल्या रातकिड्यांच्या मोठमोठ्या पैदास केंद्रांत हाहाकार उडवला आणि ड्यूबिया झुरळाचं नशीब उघडलं.

हे झुरळ मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. त्याचं वर्णन शौकिनांकडून ऐकावं, अगदी स्थळ सुचवल्यासारखं: आवाज नाही, वास फारसा नाही, गुळगुळीत काचेवर चढता येत नाही, मुलीला तर धड पंखही नाहीत. मादी अंडी पोटातच वागवते आणि थेट पिलं बाहेर येतात. वंश वाढायला ३० अंशांच्या आसपास ऊब हवी, म्हणून बाहेर बर्फ पडत असताना झुरळांच्या डब्याला हीटर. आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे रचायचे, म्हणजे घाण खाली पडते आणि मंडळींना ऐसपैस राहता येतं.

मग खानपान. किड्याच्या पोटात जे असेल तेच पालीला मिळणार, म्हणून एक-दोन दिवस आधी त्याला गाजर, पालेभाजी असं सकस चारायचं. याला गट-लोडिंग म्हणतात. त्यानंतर कॅल्शियमच्या पावडरीत घोळवून वाढायचं. याची थट्टा मात्र मी करणार नाही. या किड्यांत फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी. नुसते खाऊ घातले तर पालीची हाडं मऊ पडतात, जबडा वाकडा होतो. शिवाय किडा तिच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. म्हणजे पट्टी घेऊनच पंगतीला बसा!

फ्लोरिडात आणखी कहर. तिथली हवा उबदार, एखादं ड्यूबिया निसटलं तर तिथेच संसार थाटेल या धास्तीने परवान्याशिवाय ते पाळायला बंदी. तिथले लोक मग डिस्कॉइड जातीच्या झुरळावर भागवतात. झुरळांतही वैध आणि अवैध!

फ्रिज उघडावा तर दह्याशेजारी मीलवर्म नावाच्या अळ्यांचा डबा. थंडीत ते निपचित पडून टिकतात. सुपरवर्म दिसायला त्यांचेच थोरले भाऊ, पण फ्रिजमध्ये ठेवले की मरतात. शिवाय घोळक्यात असेपर्यंत कोषात जात नाहीत. एकेकाला वेगळ्या डबीत कोंडलं तरच मोठे होतात. तेवढ्यासाठी डब्यांची चळत!

मग अंगणातलाच किडा का धरू नये? त्याच्या अंगावर कुणाची औषधफवारणी असेल कोण जाणे. आणि काजवा तर विषच. एकच गिळला तरी बियर्डेड ड्रॅगन दगावू शकतो. हा सगळा थाट ऐकून इकडच्या हौशी मंडळींनी पाळायला म्हणून घोरपडीकडे मात्र वळून बघू नये. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती पाळणं गुन्हा आहे, सरळ तुरुंग.

आणि एवढ्या उस्तवारीनंतर कुणीतरी लाडाने पालीला वॅक्सवर्म भरवतं. नुसती चरबी, पण चव अशी की एकदा चटक लागली की बाईसाहेब झुरळाकडे ढुंकून बघत नाहीत. बसतात उपाशी, रुसून. डब्यात मात्र हीटर चालू, गाजरं चालू, आणि बाळंतपणं तर थांबायचं नावच घेत नाहीत.