पुट्टी लावून बघ

"पुट्टी लावून बघ," असं मी फोनवर सांगत होतो, तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, "रंगारी ठरला वाटतं! मग बेडरूमची भिंतही सांगून टाका." आमच्या धंद्यातली पुट्टी भिंतीला लागत नाही, हे वीस वर्षांत मला घरी पटवता आलेलं नाही. सायमन टॅथम नावाच्या केंब्रिजकराने लिहिलेला हा चिमुकला, फुकटचा प्रोग्रॅम. बोर्डाला सीरियल केबल जोडायची, हा उघडायचा आणि काळ्या चौकटीत बोर्ड काय पुटपुटतो ते वाचत बसायचं.

फोन भोसरीहून होता, आमच्याकडे नव्याने लागलेल्या इंजिनियर मुलीचा. "सर, बोर्ड बोलतोय, पण बॅकस्पेस दाबली की अक्षर जातच नाही. उलट एक टोपी येते आणि पुढे प्रश्नचिन्ह."

टोपी म्हणजे तो गांधी टोपीसारखा टोकदार कोन. मला एकदम गहिवरून आलं. हा आजार आता दुर्मीळ झालाय.

बॅकस्पेस दिसते एकच, पण तिची घराणी दोन. एक घराणं 8 आकडा पाठवतं, म्हणजे एक घर मागे सरक. दुसरं 127 पाठवतं, म्हणजे पुसून टाक. हा 127 कागदी पट्टीच्या काळातला. पट्टीवर एकदा पडलेलं भोक बुजवता येत नाही, म्हणून चुकलेल्या अक्षराच्या सातही जागी भोकं पाडून टाकायची. सातही भोकं म्हणजे 127, आणि असलं काही दिसलं की वाचणाऱ्या यंत्राने तिकडे काणाडोळा करायचा. शाळेत चुकलेला शब्द आपण गिरवून गिरवून काळाकुट्ट करायचो, तीच ही रीत. आठवाल्यांची तऱ्हा टाइपरायटरची. मी टायपिंग क्लासला 30 च्या स्पीडची परीक्षा दिली तेव्हा गुपचूप मागे जाऊन चुकीच्या अक्षरावर बरोबर अक्षर ठोकून द्यायचो. कागदावर दोन्ही दिसायची आणि सर दोन्ही वाचायचे. मागे जाणं आणि पुसणं यांत किती अंतर आहे, ते तेव्हाच कळलं होतं.

"टर्मिनलखाली कीबोर्ड बघ. पहिलाच पर्याय. 127 वरून कंट्रोल-एचवर, म्हणजे 8 वर, आण."

"झालं सर! पण आता प्रत्येक अक्षर दोनदा उमटतंय."

"मघाशी एक अक्षरही दिसत नव्हतं, तेव्हा काही चालू केलंस का?"

"…लोकल एको."

हे एकोचं प्रकरण मला फार आवडतं. एरवी या चौकटीत तुम्ही दाबलेलं अक्षर थेट दिसतच नाही. ते केबलमधून बोर्डाकडे जातं, तो ते परत म्हणतो, मग तुम्हाला दिसतं. आमचा वाणी असाच आहे. "पाव किलो तूरडाळ." "पाव किलो तूरडाळ." तो म्हणाला, की यादी पोचली. लोकल एको म्हणजे शेजारी उभं राहून बायकोनेही तूरडाळ म्हणणं. वाणी मुका असेल तर त्याचा उपयोग. नाहीतर अर्धा किलो येते.

तिचा वाणी आधी मुका होता, कारण फ्लो कंट्रोल चुकीचं होतं. आमच्या केबलीत तारा तीनच, आणि तिने निवडलेलं हार्डवेअर फ्लो कंट्रोल चौथ्या तारेवरून येणाऱ्या परवानगीची वाट बघत बसलेलं. ते काढल्यावर वाणी बोलू लागला, पण लोकल एको तसाच राहिला.

संध्याकाळी मीच भोसरीला गेलो. बघतो तर तिने चौकट ताणून पडदाभर केलेली. मी ती निमूटपणे 80 बाय 24 वर आणली. डेक कंपनीचं व्हीटी100 टर्मिनल 1978 साली आलं, त्याचं हे माप. ते यंत्र कधीच मोडीत गेलं, पण प्रत्येक लॅपटॉप या चौकटीत त्याचं सोंग घेऊन बसतो. 80 बाय 24 म्हणजे 1920 अक्षरं. नेहमीच्या 9600 च्या वेगाने सेकंदाला 960 येतात, म्हणजे पडदा भरायला बरोबर दोन सेकंद. इतक्या संथपणे भरणारा पडदा बघताना मन शांत होतं, असं मी तिला सांगितलं. तिने "हो सर" म्हटलं, ज्या सुरात घरी मला "बरं" म्हणतात.

मग मी सवयीने कंट्रोल-एस दाबलं. पडदा गोठला. मी केबल काढून लावली, पॉवर सप्लायला बोल लावला. पाच मिनिटांनी तिने हळूच कंट्रोल-क्यू दाबलं आणि साठलेला मजकूर भराभरा बाहेर पडला. कंट्रोल-एस म्हणजे इथे 'जतन कर' नव्हे, 'थांब'. हे मीच तिला दुपारी फोनवर शिकवलं होतं.

पुट्टीतली सेटिंगं जतन करण्यासाठी पहिल्या पानावर जाऊन नाव द्यावं लागतं, आणि नेमकं तेच मी विसरतो. माझ्या यादीत 'नवीन', 'नवीन 2', 'हाच' आणि 'नक्की हाच' अशी चार नावं आहेत. बॅकस्पेस कुणाची बरोबर आहे, ते एकेक उघडूनच कळतं. काल पाहिलं तर त्यात पाचवं आलेलं: 'सरांसाठी'. उघडलं. फिकट पिवळ्यावर काळी अक्षरं, 18 पॉइंटांची. चष्मा कपाळावरच राहिला होता, तरी सगळं वाचता येत होतं. मी एक अक्षर दाबलं, मग बॅकस्पेस.

गेलं.