वॉर्ड कुठाय?

दहावी-बारावीचे निकाल लागले की कर्जत ते खोपोली विजेच्या खांबांवर नर्सिंगचे बोर्ड दिसायला लागतात. 6 महिन्यांत नर्स व्हा. दहावी नापास चालेल. शंभर टक्के नोकरी, फी हप्त्याने. बोर्डावर स्टेथोस्कोपवाली एक गोरीपान मुलगी हसत असते. ती इंटरनेटवरून उतरवलेली. काशेळे-कडावकडची नक्कीच नव्हे.

कायद्याला मात्र एवढी घाई नाही. महाराष्ट्रात नर्स म्हणून काम करायचं तर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी लागते. 1966चा कायदा आहे तसा. तिथे पोचायची सगळ्यात जवळची वाट एएनएम (ऑक्झिलरी नर्स-मिडवाइफ) कोर्सची, बारावीनंतर 2 वर्षं. जीएनएमला (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी) 3. 6 महिन्यांत होता येतं ते रुग्ण सहायक, कौशल्य विकासवाल्यांच्या भाषेत जनरल ड्यूटी असिस्टंट. आणि त्यात कमीपणा कसला? अंथरुणाला खिळलेल्या आजोबांना दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, स्पंज करायचं, बेडपॅन द्यायचं, भरवताना ठसका लागू द्यायचा नाही. हे नीट येणारं माणूस मिळावं म्हणून पनवेल-नवी मुंबईतली घरं नर्सिंग ब्यूरोकडे खेटे घालतात. पण बोर्डावर ‘सहायक’ लिहिलं तर हप्ता कोण भरणार?

अशी नर्सिंगची शाळा बघायला गेलात तर भिंतीवर भाळू नका. तिथे आयएसओची फ्रेम असते. आयएसओचा दाखला कामाच्या पद्धतीचा असतो, त्याने कोर्सला मान्यता मिळत नाही. शेजारी ‘शासनमान्य’ म्हणून दुसरी फ्रेम. जवळ जाऊन वाचली तर बऱ्याचदा ती 1860च्या कायद्याखाली झालेली संस्थेची नोंदणी निघते. तशी नोंदणी गावच्या क्रीडा मंडळाचीही असते, म्हणून मंडळाचा कॅप्टन कुणाला सलाईन लावत नाही.

विचारायचं एवढंच, की वॉर्ड कुठाय? कर्जतला उपजिल्हा रुग्णालय आहे, काशेळ्याला आणि चौकला ग्रामीण रुग्णालयं आहेत, खोपोलीत खासगी आहेत. यांतल्या कुणाशी लेखी करार आहे? किती तास? रात्रपाळी असते का, आणि ती संपल्यावर वाडीवरच्या मुलीने घरी जायचं कसं? उत्तरादाखल आतल्या खोलीतला प्लॅस्टिकचा पुतळा दाखवला, तर चहा घेऊन निघा. पुतळ्याचं बीपी कायम नॉर्मल. तो ओकत नाही, आणि रात्री दोनला त्याचा मेहुणा अंगावर धावून येत नाही. आणि प्रवेश घेताना मूळ दाखले मागितले तर झेरॉक्स द्या.

या गोंधळात डॉक्टरमंडळी निरागस आहेत असं समजू नका. नोंदणी असलेली नर्स पगार मागते. 6 महिन्यांवाली मिळेल त्यावर राबते, पांढरा ड्रेस घातला की पेशंटही तिला सिस्टरच म्हणतो. सोय सगळ्यांची, चुकीच्या इंजेक्शनची जबाबदारी तेवढी तिची.

जाता जाता गेल्या बॅचच्या दोन मुलींचे नंबर मागा. बहुतेक ऐकायला मिळेल, त्या सगळ्या दुबईला गेल्या. दुबईत नर्सला तिथला परवाना लागतो हे सांगत बसू नका. व्हॉट्सॲप नंबर मागा, मेसेज तिथेही पोचतो.