फट म्हणता ब्रह्महत्या

प्लास्टिकची मॉडेल विमानं जोडणाऱ्यांत एक जात अशी असते, की तिला विमानाचं फारसं सोयरसुतक नसतं. तिचा जीव फटीत अडकलेला असतो. हा फटभऱ्या धडाची डावी-उजवी अर्धुकं चिकटवतो आणि जोडाची रेघ दिसली की अन्नावरून उठतो. ‘सिमेंट’ नावाच्या पातळ गोंदाने कडा विरघळवून दाबायच्या, वर आलेला ओघळ वाळला की तासायचा. पंखाच्या मुळाशी फट मोठी असली तर पुट्टी, ती वाळून आक्रसली की पुन्हा पुट्टी, मग 400, 600, 1000 नंबरचा पॉलिश पेपर आणि शेवटी राखाडी प्रायमर. प्रायमर अस्सल चुगलखोर. तो बसला की बुजली म्हणून सोडलेली रेघ पुन्हा उगवते आणि गृहस्थ आनंदाने पुट्टीच्या ट्यूबचं टोपण उघडतो. (‘आनंदाने’ हा शब्द जपून वापरला आहे.)

विचारलंत तर म्हणेल, हे सगळं खरेपणासाठी. हिशेबही तयार असतो : 1/72 मापात पाव मिलिमीटरची फट म्हणजे खऱ्या विमानाला 18 मिलिमीटरची भेग, बोट जाईल एवढी! बिनतोड आहे. पण त्याच पंखावर पत्र्यांच्या सांध्यांच्या रेघा कोरलेल्या असतात. त्यातली मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाची रेघही याच गणिताने 7 मिलिमीटरचा चर होते. ती तो बुजवत नाही. घासताना पुसली गेली तर सुईने पुन्हा कोरतो, वर काळा रंग भरून उठून दिसेल अशी करतो. अमेरिकेच्या पी-51 मस्टँगच्या पंखाचे सांधे आणि रिव्हेट तर कारखान्यातच पुट्टीने बुजवून, घासून, रंगवून देत, हवा सुरळीत वाहावी म्हणून. तिथे पुट्टी खरी आणि रेघ खोटी. तरी रेघ कोरणारे कोरतातच. ब्रिटिशांच्या लाकडी मॉस्किटोचं धड डावं-उजवं वेगळं घडवून मध्यरेषेवर चिकटवत, थेट किटसारखं. हे ऐकवलं की फटभऱ्या म्हणतो, “पण त्यांनीही वर कापड चढवून जोड झाकलाच ना?” झाकला, खरं. त्यांना शत्रूच्या तावडीतून निसटायचं होतं. याला शोकेसमध्ये बसायचं आहे.

स्पर्धेत परीक्षक विमान उलटं करून टॉर्च मारतात, असाही बचाव असतो. तो खोटा नाही. पण जन्मात स्पर्धेला न गेलेलाही पोटाखालची रेघ तितक्याच निष्ठेने घासतो, त्याचं काय? खरं असं, की त्याला विमान हुबेहूब नकोच आहे. ते कुणी तरी जोडलं, हा पुरावा नष्ट करायचा आहे. बसस्टॉपच्या बाकड्यावरही ‘सौजन्य’ रंगवण्याच्या काळात स्वतःच्या मेहनतीची खूण पुसण्यासाठी आणखी मेहनत घेणारा हा माणूस विक्षिप्त खराच, पण आदरणीय. त्याच्या घरी गेलात तर “जोड कुठाय हो?” असं आवर्जून विचारा. नख मात्र फिरवू नका.