ऑगस्टच्या मापाचा सूट

कोरेगावात दादांच्या खताच्या दुकानातल्या पोराला “दादा कुठं गेलेत?” असं विचारलं तर तो दोन उत्तरं देतो. “पाण्यात हायत”, नाहीतर “पार्सलची वाट बघत्यात.” दुसरं उत्तर जास्त वेळा मिळतं.

आमच्या जिल्ह्यात ट्रायथलॉनवाल्यांची ही जमात बहुधा यवतेश्वरच्या घाटात जन्म घेते. २०१२ पासून तिथं हिल हाफ मॅरेथॉन भरते. घाट चढून, उतरून खाली आलेल्या माणसाच्या गळ्यात मेडल पडतं आणि डोक्यात पुढचं काहीतरी शिरतं. दादांच्या डोक्यात सायकल शिरली. २०२३ ला आल्याचा भाव कडाडला, तेव्हा ती घरातही शिरली, कार्बनची. “एवढ्यात दोन म्हशी आल्या असत्या,” असं वहिनी म्हणाल्या. त्यावर दादांनी मिलिंद सोमणचं नाव घेतलं. पन्नाशीला टेकलेला माणूस २०१५ साली झुरिकला आयर्नमॅन ट्रायथलॉन पुरी करतो, मग आपण काय? वहिनींनी दोघांच्या पोटांची तुलना मनातल्या मनात केली असावी. बोलल्या मात्र नाहीत.

ट्रायथलॉनमध्ये पोहणंही असतं, हे दादांना सायकल घेतल्यावर खऱ्या अर्थानं समजलं. तसे ते लहानपणी विहिरीत शिकलेले. पण विहिरीचं पोहणं म्हणजे मुंडकं वर, पाय खाली आणि काठावरच्या लोकांशी गप्पा. या पद्धतीनं ३.८ किलोमीटर जाता येतं, पण तोवर संयोजक मांडव सोडून घरी गेलेले असतात.

पहिला वेटसूट दादांनी बावीस हजारांना घेतला आणि पाय आपोआप वर आले. यात जादू काही नाही. नियोप्रीन नावाच्या रबरात वायूचे बारीक बुडबुडे कोंडलेले असतात, ते अंगाला वर उचलतात. त्यामुळं ज्याचे पाय बुडतात त्याला सूटचा फायदा जास्त, आणि जो मुळातच मासळीसारखा पोहतो त्याला कमी. एवढ्यावर गोष्ट संपायला हवी होती. पण सातारच्या कुणीतरी दादांना सांगितलं, “तुमचा सूट एन्ट्री लेव्हलचा आहे.”

झोप उडाली. आता दादांच्या तोंडी यामामोटो. ही ओसाकाची कंपनी, चुनखडीपासून रबर करते. एकोणचाळीस नंबरचं रबर चांगलं, चाळीस नंबरचं आणखी लवचीक, हे दादा खताच्या गोणीवरचे आकडे सांगावेत तसं गिऱ्हाइकाला सांगतात. गिऱ्हाईक मान हलवून युरिया घेऊन जातं.

मी एकदा हिशेब मांडून पाहिला. स्पर्धेच्या नियमानं सूटची जाडी पाच मिलिमीटरच्या वर चालत नाही. म्हणजे महागातला महाग सूटसुद्धा साध्या सूटपेक्षा काही हातभर उंच तरंगवत नाही. जादाचे पैसे जातात ते खांद्याला. तिथलं रबर पातळ आणि ताणलं जाणारं असतं, हात फिरवताना दमणूक कमी होते. खांदा भरून यावा इतका ज्याचा हात फिरतो, त्यानं जरूर घ्यावा. दादांचा हात फिरण्याआधी दम संपतो.

“आणि गोव्याला काय करणार?” मी विचारलं. तिथं मिरामारला २०१९ साली अर्धी आयर्नमॅन सुरू झाली, पण समुद्र इतका कोमट की सूट पिशवीतच राहतो. नियम असा: पाणी २४.५ अंशांपर्यंत असेल तर सूट खुशाल घाला. त्याच्या वर २८.८ पर्यंत घाला, पण बक्षिसाची आशा सोडा. त्याहून गरम असेल तर बंदी. दादांना मधली अट फार आवडली. “बक्षिसाची आशा आपण धरलीच कुठं होती?”

सूट हवा होता तो ऑगस्टातल्या अस्तानाच्या आयर्नमॅनसाठी. कझाकस्तान, इशिम नदी. दादांचे वडील, आबा, ओसरीवर पान लावत सगळं ऐकत होते. त्यांनी विचारलं, “ह्यो रबराचा सदरा बुडू देत न्हाई म्हंतोस?”

“न्हाई, आबा.”

“मग आमी तुला पाठीला भोपळा बांधून हिरीत सोडला हुता, त्येचं काय चुकलं? फुकाट हुता.”

आबांचा मुद्दा बिनतोड होता. फरक एवढाच की भोपळा नियमात बसत नाही.

तरीही पार्सल आलं. सत्तर हजार. मे महिन्यातल्या दुपारी, पंखा फुल करून सूट चढवायचा सोहळा सुरू झाला. नख लागलं की रबर फाटतं, म्हणून हातमोजे. पाय सरकावा म्हणून पावलाला कॅरीबॅग, ती वहिनींनी २०१८ च्या प्लॅस्टिकबंदीपासून गादीखाली जपलेली. मांड्यांपर्यंत प्रगती उत्तम. कमरेपाशी वेग मंदावला. पाठीची चेन ओढायला आधी वहिनी, मग पोरगा, शेवटी शेजारचे गुरुजी. गुरुजींनी भिंतीला पाय लावला तरी चेन वीतभर खालीच.

“माप काय दिलं होतं?” गुरुजींनी घाम पुसत विचारलं.

इथं खरा प्रकार बाहेर आला. कंपनीच्या तक्त्यात उंची आणि वजन भरायचं असतं. दादांनी उंची आजची भरली होती आणि वजन ऑगस्टचं.

सूट परत जाईना, कारण उत्साहाच्या भरात लेबल आधीच कापलं होतं. दुसऱ्या दिवसापासून घरातला चहा बिनसाखरेचा झाला. वडापाव बंद, वाघ्या घेवड्याची उसळ दोन वेळा. बावीस हजारांच्या सूटनं दादांना तरंगवलं होतं, पण पहाटे साडेचारला पाण्यात उतरवलं ते या न चढणाऱ्या सूटनं. परवा पोहताना पाहिलं. अंगावर साधी चड्डी, डोकं पाण्यात आणि पाय चक्क पृष्ठभागाला. म्हणजे पैसे वसूल होतायत असं मला आता म्हणावं लागतंय, आणि ते वहिनींसमोर म्हणायची सोय नाही.

दर रविवारी गुरुजी येतात आणि चेन ओढून बघतात. सध्या चार बोटं उरलीत. आबांनी त्यांना विचारलं, “गुरुजी, आवंदा लागंल का हो चेन?”

“लागेल, पण पोरानं शनिवारी लग्नाला जाऊ नये.”