भिंतीला भोक

एडिसन, न्यू जर्सी
दि. ९ फेब्रुवारी

ती. बाबा व आई यांस,
सा. न. वि. वि.

बाबा, तुमचं निवृत्तीचं घड्याळ सुखरूप आहे. भिंत पडली. सगळी नाही, तळहाताएवढी.

साताऱ्याच्या घरात तीन खिळे वाकायचे, तेव्हा कुठे चौथा आत जायचा. इथे पहिल्याच ठोक्याला खिळा लोण्यात शिरावा तसा गेला. मी खूश! रात्री दीड वाजता घड्याळ भिंतीचा टवका घेऊनच खाली आलं. इथली भिंत म्हणजे दोन कागदांमध्ये दाबलेलं अर्ध्या इंचाचं जिप्सम. नाव ड्रायवॉल. मागे पोकळी, आणि साधारण दर सोळा इंचांवर एक उभं लाकूड, त्याला स्टड म्हणतात. जड वस्तू त्यातच ठोकायची असते. हे शेजाऱ्यांनी सांगितलं, अर्थात भोक बघायला आल्यावर.

दुरुस्तीवाल्याचा आकडा ऐकून वाटलं, एवढ्यात आपला गवंडी विमानाने आला असता. त्यात घर भाड्याचं, डिपॉझिट अडकलेलं. म्हणून मीच कंबर कसली. आधी भोक कापून मोठं करायचं, चौकोनी. (हे ऐकून हिने देवापुढे दिवा लावला.) मग आत लाकडाची पट्टी धरून बाहेरून स्क्रू मारायचे. पहिली पट्टी हातातून निसटली. ती भिंतीच्या पोटात आहे, तिथेच राहील. दुसरीवर ड्रायवॉलचा तुकडा बसवला, सांध्यांवर कागदी टेप आणि वर लांबी. लांबीचे तीन हात, प्रत्येक आधीच्यापेक्षा रुंद, मध्ये एकेक दिवस वाळवण. डबा उघडला तर हुबेहूब श्रीखंड. चिरंजीव वाटी घेऊनच आले. थापी नव्हती म्हणून हिचं उलथणं वापरलं. आई, त्याची हकीकत तुला फोनवर कळली असेलच.

काचपेपरने घासल्यावर पांढरी धूळ पार पोह्यांच्या डब्यापर्यंत पोचली. नुसता रंग दिला तर ठिगळ उठून दिसतं, म्हणून आधी प्रायमर, मग रंग.

घड्याळ आता स्टडवर आहे. स्टड नेमका दारामागे निघाला. वेळ बघायला दार लावावं लागतं.

बाबा, मे महिन्यात याल तेव्हा एक करा. नव्या घरात शिरल्याबरोबर कलिंगड पारखावं तशी भिंतीवर थाप मारता, ती जरा आवरा. अगदीच राहवलं नाही तर दारामागे, घड्याळाखाली मारा. तिथे आवाज बरा येतो.

तुमचा,
बाळू